प्रकरण अकरावे : पाच पांढऱ्या ताटल्या

सोलांज सकाळी सहाला होडीतून सासूबाईंच्या मळ्याच्या बेटावर उतरली तेव्हा तिच्या काखेत एप्रन होता.

सासूबाईंनी आदल्या संध्याकाळी थोरल्या मुलाबरोबर निरोप धाडला होता. गोतिएने तो दारात बूट काढता काढता बायकोला जसाच्या तसा सांगितला. "आई म्हणाली, उद्या सहाला सोलांजला पाठव. एकटीला."

"कशाला?"

"ते नाही म्हणाली."

आणि गोतिए फ्लामां सूप प्यायला बसला. आईने जेवढे शब्द दिले तेवढेच पोचवायचे, त्यात आपलं मीठ टाकायचं नाही, असा त्याचा जन्माचा शिरस्ता.

रात्रभर सोलांजला झोप लागली नाही. एकतीस वर्षांच्या संसारात मार्सेलिनबाईंनी तिला जूनअखेरच्या सें-जांच्या सणाच्या रविवारी स्वयंपाकघरात कधी बोलावलं नव्हतं. त्या दिवशी सगळं कुटुंब बेटावर जेवायला जमायचं. सोलांज चेरीचा टार्ट आणायची, धाकटा दीर रेमी वाइन आणायचा, नणंद एदित लील शहरातून चीज घेऊन यायची. पण जेवणाची सुरुवात ज्याने व्हायची, ती कच्च्या भाज्यांची ताटली मात्र सासूबाईंची एकटीची. त्या सकाळी स्वयंपाकघराचं दार आतून बंद असे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सोलांज उत्साहाने आत शिरली होती आणि सुरी हातात घेतली होती. सासूबाईंनी ती अलगद तिच्या मुठीतून काढून घेतली. "शहरातल्या मुलींचे हात भाजी दाबतात," एवढंच म्हणाल्या. रेल्वेतल्या कारकुनाची मुलगी असलेली सोलांज ते वाक्य एकतीस वर्षं गिळत आली होती.

पण रात्रीची झोप उडाली ती त्या जुन्या वाक्याने नव्हे. मे महिन्यात मार्सेलिनबाई धक्क्यावरून होडीत पाय टाकताना चुकल्या आणि कालव्यात पडल्या. सोलांजनेच त्यांना ओढून वर काढलं. कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी ओल्या कपड्यांनिशी बजावलं, आणि सोलांजने त्याच संध्याकाळी लीलला नणंदेला फोन केला. एदितने महिनाभरात आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात एक खोली शोधली. खिडकी होती, बागही होती. मंगळवारपर्यंत होकार कळवायचा होता.

"वहिनी, मी बोलले तर आई म्हणेल, तू तर मळा सोडून गेलीस, तुला काय कळतं," एदित फोनवर म्हणाली होती. "दादा तोंड उघडणार नाही. तूच सांग. तू डोळ्यांनी पाहिलंयस."

"सांगेन," सोलांज म्हणाली होती.

आता धक्क्यावरून घराकडे जाताना तिला वाटत होतं, सासूबाईंना कळलंय. त्यासाठीच बोलावलंय. डाव्या हाताला नवलकोलाचे वाफे, उजवीकडे मटाराचे वेल, पलीकडे पाण्यावर धुकं, आणि धुक्याच्या वर कॅथीड्रलचं टोक. घराच्या खिडक्यांच्या झडपा बंद होत्या. दार ढकलल्यावर आत मिट्ट अंधार. त्या अंधारात सुरीचा आवाज येत होता. टक, टक, टक, संथ आणि सारखा.

"आई?"

"दार लाव. गारवा जातोय."

सोलांज जागच्या जागी उभी राहिली. डोळे सरावले तेव्हा टेबलापाशी सासूबाई दिसल्या, ताठ, पांढरा एप्रन बांधलेल्या. त्यांच्या सुरीखालून काहीतरी पातळ पातळ पडत होतं.

"दिवा का नाही लावला?"

"अगं हो," मार्सेलिनबाई म्हणाल्या, जणू कुणीतरी आठवण करून दिली. "झडपा उघड. तुला लागेल ना उजेड."

'तुला' या शब्दाशी सोलांजचा हात अडला. मग तिने झडपा उघडल्या. उजेड आत आला तरी सासूबाईंनी मान वळवली नाही, डोळे मिचकावले नाहीत. समोर नवलकोलाच्या चकत्या होत्या. सोलांजने एक उचलली. तिच्यातून तिला स्वतःचं बोट दिसलं.

"कधीपासून?" तिने विचारलं. आपला आवाज इतका खाली का आला, हे तिला समजेना.

"हिवाळ्यापासून. मधलं सगळं गेलं. कडेकडेने दिसतं, तेही राखाडी. तू आलीस ते दिसलं, तोंड नाही दिसलं." क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "त्याने काही अडत नाही. तोंड पाठ आहे."

"डॉक्टरकडे..."

"गेले होते. रेमीला सांगितलं की दाताला जाते. डॉक्टर म्हणाला, परत येणार नाही. बरं, एप्रन बांध. विहिरीचं गार पाणी आण, दोन घागरी. मुळे त्यात टाकायचेत."

सोलांजने पाणी आणलं. छोट्या लाल मुळ्यांना वरून चार चार काप दिलेले होते. गार पाण्यात पडल्यावर ते हळूहळू उमलू लागले. तिने हे फुललेले मुळे एकतीस वेळा खाल्ले होते, पण उमलताना कधी पाहिले नव्हते. ती घागर हातात धरून बघत राहिली.

"उमलले?" सासूबाईंनी विचारलं.

"उमलतायत."

"घाई नाही. त्यांचं त्यांना करू दे."

भिंतीलगत सहा टोपल्या ओळीने मांडलेल्या होत्या. पाण्याच्या घागरीला जागा हवी म्हणून सोलांजने त्यातल्या दोन उचलून पलीकडे ठेवल्या. तिच्या ते लक्षातही राहिलं नाही. थोड्या वेळाने मार्सेलिनबाईंनी हात लांबवून एका टोपलीतलं गाजर घेतलं, शेंडा मोडला, आणि थांबल्या.

"टोपल्या हलवल्यास."

"अगं बाई. हो, मी..." सोलांज पुढे झाली. "सांगते, ही नारिंगी गाजरांची, ही..."

"थांब. सांगू नकोस."

त्यांनी चाचपून गाजरांच्या तिन्ही टोपल्यांतून एकेक गाजर काढलं. पहिलं मोडलं तसा खण्णकन आवाज झाला. "नारिंगी." दुसऱ्याचा आवाज बद्द होता. त्यांनी मोडलेलं तोंड नाकापाशी नेलं. "पिवळं. याला मातीचा वास कमी, गवताचा जास्त." तिसरं त्यांनी मोडलंच नाही. अंगठा नुसता देठापाशी फिरवला. "हे जांभळं. तुझ्या सासऱ्यांच्या बियाण्याचं. अंग खरबरीत असतं, त्यांच्या दाढीसारखं."

 सोलांज चर्चला नियमाने जायची, पण तिथे इतक्या वर्षांत तिला जे क्वचितच झालं होतं ते आता या ओल्या फरशीवर होत होतं. मानेवरचे केस उभे राहिले होते. ही बाई मला तीस वर्षं टोचून बोलली, तिने मनाशी म्हटलं, आणि हिला काय येतं हे मला आज कळतंय.

पुढचे तीन तास ती सांगितलं तेवढंच करत राहिली. मटार सोलले. काकडी पुसली. बडीशेपेच्या रोपाचा गड्डा निवडला, त्याच्या पाल्याची हिरवी झुलपं वेगळी ठेवली. सासूबाई प्रत्येक भाजी हातात घेऊन आधी तिचं वजन अजमावायच्या, मग नखाने टोचायच्या, मग ऐकायच्या. खरंच, सुरी चालवताना त्या कान तिरपा करायच्या. एखादी चकती जाड पडली तर त्या न चाचपता बाजूला टाकायच्या. सोलांजने अशी एक उचलून उजेडात धरली. खरंच जाड होती, केसभर.

सगळ्यात शेवटी बीट निघालं. त्याने बाकीच्यांना रंग लागू नये म्हणून ते शेवटी, वेगळ्या फळीवर. आतून गुलाबी-पांढऱ्या वलयांचं जुनं वाण होतं. मार्सेलिनबाईंनी पहिली चकती कापली आणि ती तळव्यावर घेऊन सोलांजपुढे धरली.

"वलयं आहेत?"

"आहेत."

"किती?"

सोलांजने मोजली. "सात. बाहेरचं गडद गुलाबी, मग पांढरं, मग फिकट गुलाबी... अगदी मधोमध ठिपक्याएवढं लाल."

मार्सेलिनबाईंनी डोळे मिटले. कुणीतरी लांबच्या माणसाची खुशाली सांगावी आणि ती ऐकावी तसं त्या ऐकत राहिल्या.

"सरळ आहेत की एका बाजूला कललीयत?"

"सरळ. कंपासने काढल्यासारखी."

"मग पाऊस वेळेवर झाला यंदा," त्या म्हणाल्या. डोळे उघडून त्यांनी सुरी उलटी धरली आणि मूठ सोलांजकडे केली. "बाकीची तू काप."

"मी?"

"इथे आणखी कुणी आहे का? आणि दाबू नकोस."

सोलांजने पहिली चकती कापली. "जाड," सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. दुसरी कापली. "जाड. सुरीला काम करू दे, तू नुसती सोबतीला जा." पाचव्या चकतीला त्या काही बोलल्या नाहीत. सहाव्यालाही नाही. सोलांजने सातवी कापायला घेतली.

*

अकराच्या सुमाराला होड्या आल्या. एका होडीत गोतिए आणि एदित, दुसरीत एकटा रेमी, वाइनच्या खोक्यासह. मार्सेलिनबाई धक्क्यावर गेल्या नाहीत. लिंडनच्या झाडाखाली टेबलाच्या टोकाला, आपल्या नेहमीच्या खुर्चीत, त्या आधीच जाऊन बसल्या होत्या. आता सोलांजला कळलं, त्या यंदा कुणाला सामोऱ्या का जात नाहीत.

"आई, बारीक झालीस," एदित गालाला गाल लावत म्हणाली.

"तू नाही झालीस."

रेमी हसला. "ताई, आल्या आल्या मिळाला प्रसाद." तो पर्यटकांना होडीतून कालवे दाखवायचा, आणि गेली तीन वर्षं बेटावरच्या या घरात चहापाण्याची जागा काढायची त्याच्या डोक्यात होती. तो उघडपणे कुणाच्या बाजूने बोलत नसे, पण एदितची गाडी स्टेशनवर आली की तिला घ्यायला जायचा तो तोच.

एदित स्वयंपाकघराच्या दाराशी आली. दार उघडं पाहून ती चकित झाली, आणि आत सोलांजला पाहून त्याहून. "वहिनी, तू आत? तिने येऊ दिलं?" मग आवाज खाली आणून, "बरंच झालं. म्हणजे आता तिला एकटीला जमत नाही, हे तिलाही पटलंय. जेवण उरकलं की तू विषय काढ. मी सांभाळून घेते."

सोलांज ओले हात पुसत राहिली. एदितच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती वाईट नव्हती. महिनाभर तिला आई पाण्यात तरंगताना स्वप्नात दिसत होती, असं तिने फोनवर सांगितलं होतं, आणि ते खरं असणार.

"ताटल्या नेऊ दे आधी," सोलांज म्हणाली.

मार्सेलिनबाईंच्या लग्नातल्या रुंद पांढऱ्या ताटल्या होत्या. त्या सासूबाईंनीच भरल्या होत्या, एकेक, बोटांनी कडेपासूनचं अंतर मोजत. सोलांजने फक्त वाहून नेल्या. पाच खेपा केल्या, कारण दोन एकदम उचलायचं तिला धाडस झालं नाही.

टेबलावर बोलणं चाललं होतं. रेमी यंदाच्या पर्यटकांची टर उडवत होता. पहिली ताटली आली तसा तो थांबला. दुसरी आली, तिसरी आली. पाचवी ठेवून सोलांज बसली तेव्हा फक्त पाण्याचा आवाज येत होता.

तळाला काकडीचे लांबट पापुद्रे होते, ओल्या काचेसारखे हिरवे. त्यावर नवलकोल, इतकं पातळ की खालचं हिरवं त्यातून वर येत होतं. गाजरांच्या पट्ट्या आपल्या आपण वळलेल्या, नारिंगी, पिवळ्या, आणि ज्यांचं अंग जांभळं नि गाभा सोन्यासारखा त्या. उमललेले मुळे. कच्चे मटार, दवासारखे सुटे सुटे. बीटच्या चकत्या उजेडाकडे तोंड करून उभ्या. आणि सगळ्यावर बडीशेपेची झुलपं, नुसती फुंकर घातल्यासारखी. कशाला कशाचा रंग लागला नव्हता. कशावर काही ओतलेलं नव्हतं. अक्रोडाचं तेल, व्हिनेगर आणि मोहरी फेटून वाटीत वेगळी ठेवली होती. झाडातून ऊन उतरलं आणि ताटल्यांवर पडलं, तसा गोतिएने टोपी काढून मांडीवर ठेवली. दरवर्षी हीच ताटली यायची, तरी यंदाची तशी नव्हती. प्रत्येक भाजी जणू कुणीतरी पहिल्यांदाच जगात आणून ठेवली होती.

ती भाजी त्याने स्वतः पेरली होती, खुरपली होती, पाणी दिलं होतं. तो बराच वेळ बघत राहिला. "हे माझ्या मळ्यातलं?" त्याने हळूच विचारलं.

"मग काय बाजारातलं?" आई म्हणाली.

सगळे खाऊ लागले. दातांखाली कुरकुर वाजत होतं. एदितने बीटची चकती काट्यावर उचलली, उन्हात धरली, तोंडात घातली. तिचे डोळे भरून आले. तिने ते रुमालाने टिपले आणि काटा खाली ठेवला.

"वहिनी, हे बरं नाही केलंस," ती म्हणाली.

"काय?"

"हे सगळं तू केलंस आणि आईच्या नावावर वाढलंस. आपलं काय ठरलं होतं? मघाशी मी तिच्यासमोर चीज धरलं, तिने पाकीट सोडून माझं मनगट धरलं. आईला दिसत नाही. आणि तू तिला झाकायला निघालीस."

रेमीने आईकडे पाहिलं. गोतिएने बायकोकडे पाहिलं. मार्सेलिनबाई काकडी चावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, मदतही केली नाही.

सोलांजला वाटलं, आता बोलले नाही तर जन्मभर बोलता येणार नाही. ती उठून उभी राहिली. जेवताना उभं राहायची या घरात रीत नव्हती.

"त्यांना दिसत नाही," ती म्हणाली. "हिवाळ्यापासून. मे महिन्यात त्या कालव्यात पडल्या, तेही खरं. मी तुला फोन केला होता, एदित, त्यांनी नको म्हटलेलं असताना. हे सगळं मी त्यांच्यासमोर सांगतेय."  "पण ही ताटली त्यांची आहे. मी फक्त बीट कापलं, तेही त्या ऐकत होत्या म्हणून नीट कापलं गेलं. सकाळी सहाला मी आले तेव्हा इथे अंधार होता आणि त्या अंधारात त्या नवलकोल कापत होत्या. मी टोपल्या हलवल्या तर त्यांनी गाजरं आवाजावरून ओळखली. रंग, एदित. आवाजावरून. मी पाहिलं नसतं तर मीही विश्वास ठेवला नसता."

एदितने पुन्हा आपल्या ताटलीतल्या बीटकडे पाहिलं.

"या बाईला खिडकीतून बाग बघायला लीलला नेणार आहेस तू," सोलांज म्हणाली, आता जरा हळू. "तिला खिडकीचा काय उपयोग? तिला हात घालायला माती पाहिजे."

"आणि पुन्हा पाण्यात पडली तर?" एदितचा आवाज फाटला. "कोण काढेल? तू असशील तिथे?"

"असेन. उद्यापासून आम्ही इथे राहायला येतो. माडीवरची खोली रिकामीच आहे."

"आम्ही म्हणजे?" रेमीने विचारलं.

"मी आणि तुझा दादा."

सगळ्यांनी गोतिएकडे पाहिलं. त्याला हे आत्ताच कळत होतं. त्याने ताटलीतला शेवटचा मटार काट्यावर घेतला, खाल्ला, आणि विचार केला.

"धक्क्याला कठडा लागेल," तो म्हणाला. "आणि घरापर्यंत दोर. उद्या करतो."

रेमीने खांदे उडवले. "झालं. दादा एका दमात दोन वाक्यं बोलला, आता कुणाचं काय चालणार." त्याने सगळ्यांच्या पेल्यात वाइन ओतली, आणि आईच्या पेल्यात ओतल्यावर तिचा हात धरून पेल्याच्या दांडीवर नेऊन ठेवला. चहापाण्याच्या जागेबद्दल तो त्या दिवशी काही बोलला नाही.

"मला कुणी विचारलं का?" मार्सेलिनबाई म्हणाल्या.

"नाही," सोलांज म्हणाली.

"बरं. निदान खोटं तरी बोलत नाहीस."

एदित उठली, आईच्या खुर्चीपाशी गेली आणि गवतावर तशीच खाली बसली, पन्नाशीची बाई, चांगल्या झग्यानिशी. "मला भीती वाटते गं," ती म्हणाली. आईने तिच्या केसांवर हात ठेवला, मग कपाळावर, नाकावर, हनुवटीवर, एकेक करत फिरवला. "बारीक झालीयस," त्या म्हणाल्या. "मघाशी उगीच बोलले."

*

दुपारी होड्या परत गेल्या. एदित जाताना म्हणाली, मंगळवारी नको म्हणून कळवते. सोलांज मागे थांबली. तिने ताटल्या धुतल्या, सासूबाईंनी पुसल्या.

"आई, मी फोन केला होता ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्याच आठवड्यापासून. एदितने आठवड्यात तीनदा फोन केला, एरवी महिन्यातून एकदा करते. आणि दर वेळी लीलमधल्या कुठल्याशा बागेचं कौतुक. दुसरं कोण सांगणार?"

"तरी मला बोलावलंत?"

"म्हणूनच बोलावलं." त्यांनी ताटली पुसून फळीवर ठेवली, कडेला कड अचूक लावून. "एदित भीतीने बोलते. गोतिए बोलतच नाही. रेमीला घर हवंय, पोटचा असला तरी हवंय. तू मला कधी फारशी आवडली नाहीस, आणि मी तुला. तू जे सांगितलं असतंस ते कुणी माया म्हणून सोडून दिलं नसतं. मीही नाही. मला जमतं की नाही, हे मला कुणाकडून तरी खरं ऐकायचं होतं."

सोलांजने नळ बंद केला. "आणि मी म्हटलं असतं की जमत नाही?"

"तर गेले असते."

"असं कसं गेला असतात? तुम्ही?"

मार्सेलिनबाईंनी फडकं खांद्यावर टाकलं आणि शेजारच्या खोलीकडे हात केला. सोलांज आत गेली. पलंगाच्या पायथ्याशी चामड्याची जुनी बॅग होती, पट्टे आवळलेली. तिने ती उचलून पाहिली. जड होती. तिने पट्टे सोडले. हिवाळी कोट, तीन झगे, लोकरी मोजे, सासऱ्यांचा फोटो, सगळं काठाला काठ लावून घडी केलेलं. वरच कागदात बांधलेले लीलच्या गाडीचे पैसे, सुटे, मोजून.

ती बॅगेपुढे गुडघ्यांवर बसून राहिली. सकाळी अंधारात चाललेली ती संथ सुरी तिला पुन्हा ऐकू आली. शेजारी भरलेली बॅग ठेवून ही बाई नवलकोल कापत होती, आणि तिची लय एकदाही चुकली नव्हती.

मार्सेलिनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

सोलांजने कोट बाहेर काढला, झटकला आणि कपाटाचं दार उघडलं.

"कुठला कप्पा?" तिने विचारलं.